दोघांचं चालणं

आमच्या घरमालकांसोबत रस्त्याने जायचं तर नियम होता: पुढे चाला, नाहीतर मागे चाला. शेजारी चालायचं नाही. नवा भाडेकरू चुकून शेजारी आला की ते जागेवर थांबायचे आणि गुराला वळवावं तसं हाताने त्याला पुढे घालायचे. "व्हा म्होरं. माझ्या पायात तुमचं पाय येत्यात." दोघांमध्ये चांगलं हातभर अंतर असायचं, त्यामुळे समोरचा माणूस गोंधळून आपल्या चपलांकडे बघायचा. मला आधी वाटलं, म्हातारा घमेंडी आहे, जमिनीचा पैसा डोक्यात गेलाय. नंतर कळलं की शेजारच्याची चाल कानावर पडली की त्यांची स्वतःची हरवायची.

ही पुण्याजवळच्या नेरे गावातली गोष्ट, दोन हजार पाच-सहाच्या सुमाराची. हिंजवडीत कंपन्यांच्या इमारती उठत होत्या आणि आमच्यासारख्या लांबून आलेल्या पोरी परवडेल तिथे खोली शोधत मागच्या गावांत शिरत होत्या. या गृहस्थांनी रस्त्याकडेचं शेत विकून राहत्या घराच्या अंगणाला लागून पत्र्याच्या खोल्यांची रांग काढली होती. सगळं गाव त्यांना नाना म्हणायचं, आम्हीही. ते मात्र आम्हाला नावाने कधीच हाक मारत नसत. जी ज्या गावची, तेच तिचं नाव. मी अमरावती. माझ्या खोलीतली मैत्रीण लातूर. "ए अमरावती, मोटार बंद कर, टाकी वसंडली!" असं भर अंगणात ओरडायचे आणि सगळं शहरच मोटार बंद करायला निघाल्यासारखी मी धावायचे.

नाना उंच, रुंद हाडांचे, आणि त्यांच्या सदऱ्याची बटणं रोज एक घर चुकलेली. दुसऱ्याचं बघून त्यांना काही म्हणजे काही करता येत नसे. तरुणपणी गावच्या लेझीमच्या ताफ्यात घातलं होतं, तर दुसऱ्याच दिवशी शेजारच्या गड्याच्या कानशिलावर लेझीम बसली आणि नानांना ताफ्यातून काढलं. सायकल त्यांना कधी आली नाही. देवळात आरतीला त्यांच्या टाळ्या बाकीच्यांच्या दोन टाळ्यांच्या मधल्या मोकळ्या जागेत पडायच्या. पोरं फिदीफिदी हसायची, तरी नाना मन लावून वाजवत राहायचे. "बघून मला शिंकबी येत न्हाई," असं स्वतःच सांगायचे, आणि त्यात लाजबीज काही नसायची. बैल मात्र उत्तम हाकायचे, कारण बैल पुढे चालतात.

त्यांच्या बायकोला आम्ही मावशी म्हणायचो. बारीक चणीच्या, बोलायला तिखट. लग्नाला तीस-बत्तीस वर्षं झाली होती आणि नवराबायको एकदाही शेजारी चालले नव्हते. त्या पिढीत बायका मागूनच चालायच्या, त्यामुळे त्यात कुणाला काही वावगं दिसलं नाही. मला दिसलं असतं, पण मला विचारतो कोण!

मावशींना कंपवात झाला होता. मी राहायला गेले तेव्हा उजवा हात थरथरायचा, एवढंच. वर्षभरात पाय अडकायला लागले. अंगणात नीट चालत येणार आणि दाराच्या उंबऱ्यापाशी पाय जमिनीला चिकटणार. अंग पुढे जायला बघतंय आणि पाऊल उचलत नाही, अशा त्या चौकट धरून उभ्या असायच्या. कपाळावर घाम. कुणी मदतीला गेलं तर अंगावर यायच्या. "हात लावू नगा! येतिया मी, येतिया!" पुण्याच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या होत्या आणि हेही सांगितलं होतं की हे वाढतच जाणार.

त्यांच्या मुलाने चाकाची खुर्ची आणली. मुलगा वाईट नव्हता. जमिनींच्या दलालीत पडला होता, गळ्यात जाड साखळी, मोठी गाडी, दिवसभर कानाला फोन. पण आईवर जीव होता. खुर्ची अंगणात ठेवून म्हणाला, "आई, बस. तुला पुण्यातनं फिरवून आनतो." मावशींनी खुर्चीकडे बघितलंसुद्धा नाही. म्हणाल्या, "म्या माझ्या सासूला लई वर्सं उचललंय. उचलनाऱ्याच्या मनात काय येतं ते मला ठावं हाय. जित्ती हाय तवर मला कुनी उचलायचं न्हाई." मुलगा हसला, पण ते हसू तोंडावर टिकलं नाही. नाना ओसरीवर बसले होते. त्या दिवसापासून बायकोला पायांवर ठेवायचं हे त्यांनी मनाशी धरलं, आणि नानांनी मनाशी धरलेली गोष्ट सुटत नसे.

घराच्या पलीकडेच पिठाची गिरणी होती. जुनी, पट्ट्याची, चालू झाली की आमच्या पत्र्याला ठक-ठक असा ठेका बसायचा. नानांनी महिनाभर बसून एक गोष्ट हेरली. "गिरनी चालू आसली की ही उंबरा वलांडती, आन बंद झाली की आडकती," असं त्यांनी मला सांगितलं. मला वाटलं, झालं, आता म्हाताऱ्याचंही डोकं फिरलं. पण पुढच्या खेपेला डॉक्टरांनीही तेच सांगितलं. ठेका मिळाला की अशा माणसांचे पाय सुटतात, आणि हाताला धरून कुणी डोलवलं तर आणखी बरं.

तेव्हा लातूर आणि मी ऑफिसातल्या मुलींबरोबर जोडीनाचाच्या क्लासला जायचो. कंपनीच्या वार्षिक कार्यक्रमात जोड्यांचा नाच होता. क्लासमध्ये मुलगे कमी, म्हणून रविवारी सकाळी आम्ही दोघीच नानांच्या घराच्या गच्चीवर सराव करायचो. लातूर उंच म्हणून ती पुरुष, मी बाई. एका रविवारी नाना टाकी बघायला वर आले आणि कठड्याला टेकून बराच वेळ उभे राहिले. आम्ही लाजून थांबलो.

"हे दोघांचं चालनं कुटं शिकता गं?" त्यांनी विचारलं.

"नाना, ते चालणं नाही. नाच आहे."

"नाच ऱ्हाऊ दे. दोगी एका टायमाला पाय उचलताय, आन एकमेकीच्या पायावर देत न्हाई. ते मला शिकव."

आता यात अडचण काय, हे गावात राहिलेल्या कुणालाही कळेल. साठीकडे झुकलेला पुरुष, भाड्याने राहणारी तरण्या वयाची पोरगी, आणि हातात हात. मी नाही म्हणाले. दुसऱ्या दिवशी मावशी स्वतः माझ्या खोलीच्या दारात आल्या. येताना उंबऱ्यात अडकल्या, त्यामुळे तिथूनच बोलल्या, "शिकव की त्यास्नी. मी बसते न्हवं का म्होरं. बोलंल कोन ते बगते मी." दारात अडकलेल्या त्या बाईला नाही म्हणायची माझी छाती झाली नाही.

मग रोज सकाळी, गिरणी सुरू झाली की अंगणात शिकवणी. मावशी बाजेवर, पाठीला उशी. नाना टोपी नीट करून समोर उभे. पहिले दोन आठवडे म्हणजे नुसता छळ होता. मी पाऊल टाकून दाखवायचे, नाना डोळ्यात तेल घालून बघायचे, आणि मग भलतंच काहीतरी करायचे. मी समोर उभी राहिले तर डावं-उजवं उलटं. पाठमोरी राहिले तर माझी चाल ऐकून त्यांची हरवायची. मी पाय उचलला की ते हात उचलायचे. माझ्या अंगठ्याचं नख त्यांच्या पायाखाली काळंनिळं झालं, तेव्हा माझा तोल गेला.

"काय करून राहिले तुम्ही, नाना! डोळे आहेत की नाही तुम्हाला?"

नाना रागावले नाहीत. खाली बसून माझं नख बघितलं. म्हणाले, "डोळं हायेत की. पर डोळ्यातनं पायाला वाट न्हाई माझ्या. मला दावू नगंस, अमरावती. धरून करून घे."

दाखवणं मी बंद केलं. दोन्ही हात धरले आणि ढकललं. हाताला दाब आला की त्यांचं पाऊल मागे जायचं. डोलायचं, वजन एका पायावर, मग दुसऱ्यावर, आणि तळहात दाबला की पाऊल. तळहातातून पायाला वाट होती. ती कुणी वापरलीच नव्हती, कारण आयुष्यभर सगळ्यांनी त्यांना 'बघ आणि कर' एवढंच सांगितलं होतं. पहिल्यांदा ते अंगणाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत न चुकता गेले तेव्हा मावशींनी बाजेवरून टाळी वाजवली, थरथरत्या हाताने, आणि मला उगाचच रडू आलं.

माझी चूक लातूरने दाखवली. क्लासमध्ये मला फक्त बाईची पावलं यायची, म्हणजे मागे जाण्याची. नानांना ढकलत ढकलत मी तीच शिकवली होती. जोडीत पुरुष पुढे येतो आणि बाई मागे जाते. नाना बाई झाले होते. मी घाबरत घाबरत सांगितलं, म्हटलं, पुन्हा पहिल्यापासून करावं लागेल. नानांनी थोडा विचार केला. "हिच्या म्होरं तोंड करून मीच मागं जानार की. न्हाईतर ही पडाया लागली तर दिसंल कसं मला? ऱ्हाऊ दे हाय तसं."

आणि तसंच राहिलं. नाना मागे मागे, मावशी पुढे पुढे, चारही हात एकमेकांत. आधी जागेवर डोलायचं, मग नानांनी अंगठ्याने तळवा दाबायचा, मग पाऊल. गिरणी बंद असली की नाना तोंडाने ठक-ठक करायचे. मावशी उंबरा ओलांडायच्या, अंगण ओलांडायच्या, एकदा तर गिरणीपर्यंत जाऊन दळण कसं झालंय ते बोटांनी तपासून आल्या आणि गिरणीवाल्याला चार शब्द सुनावले. इतकी वर्षं शेजारी न चाललेली ती दोघं आता समोरासमोर चालत होती. मावशी म्हणायच्या, "लग्नात बी एवडं बगितलं न्हाई तुमच्या तोंडाकडं." नाना म्हणायचे, "बोलू नगंस. चुकंल माझं."

गाव बोललंच. चावडीवर पोरं त्यांची नक्कल करायची. मुलाला ते लागायचं. एकदा माझ्यासमोरच म्हणाला, "नाना, गावात तोंड दावायची सोय ठिवा. आईला खुर्ची हाय, मानसं ठिवतो, पैका मी देतो." नाना म्हणाले, "तुझी खुर्ची तिला बशीवती. मी तिला चालवतुया." मुलगा तणतणत निघून गेला.

त्याच मुलाचं लग्न ठरलं. मारुंजीच्या रस्त्याला एक मोठं लॉन्स घेतलं होतं. मावशींची एकच इच्छा होती, नवऱ्यामुलाची आई म्हणून फाटकातून आपल्या पायांनी आत जायचं. नाना आदल्या दिवशी जाऊन गालिचा बघून आले, पाय अडकेल अशी शिवण कुठे आहे ते बघून आले. बँडवाल्याला बजावलं, "आमी दोगं आत जाईस्तवर वाजवू नगा." त्याने मान डोलावली. बँडवाले सगळ्यांनाच मान डोलावतात.

वरात फाटकाशी आली. नवरामुलगा घोड्यावरून उतरून आत गेला. मागून ही दोघं. मावशींना हिरवा शालू, नानांना फेटा. फाटकाच्या कमानीखाली मावशी अडकल्या. तेवढ्याची आम्हाला सवय होती. नाना जागेवर डोलायला लागले, त्यांना डोलवायला लागले, इकडे, तिकडे. दोन-तीन डोलांत सुटल्याही असत्या.

पण लोकांना वाटलं, नवऱ्यामुलाचे आईबाप आनंदाने नाचतायत. आमच्याकडे लग्नात कुणी नाचायला लागलं की त्याला एकट्याला नाचू देत नाहीत. कुणीतरी शिट्टी मारली. पाहुण्यांनी कडं केलं. एका मामाने दोघांच्या डोक्यावरून नोट ओवाळली. नोट दिसली तसे बँडवाले धावले आणि मावशींच्या कानाशी कर्णे लावून सगळ्यात उडतं गाणं वाजवायला लागले. ढोल, कर्णे, शिट्ट्या. नानांचा ठेका त्या आवाजात कुठल्या कुठे गेला. ते तोंडाने ठक-ठक करत होते, ओठ हलताना मला दिसत होते, ऐकू काहीच येत नव्हतं. मावशींचं सगळं अंग थरथरत होतं आणि लोक म्हणत होते, बघा म्हातारी कशी नाचतीय! मी आणि लातूर कडं फोडून आत घुसायला बघत होतो. "थांबवा, अहो थांबवा!" असं ओरडत होतो. आम्हीही नाचायलाच येतोय असं समजून बायकांनी आम्हाला हसत जागा करून दिली.

मी पोचेपर्यंत मावशींचा शालू पुढून ओला झाला होता.

ते मुलाने स्टेजवरून पाहिलं. तो बाशिंग बांधलेला तसाच धावत आला आणि ओरडला, "खुर्ची आना!" मित्रांनी प्लॅस्टिकची खुर्ची आणली. चौघांनी मावशींना धरून तिच्यात बसवलं आणि खुर्ची उचलून, लोकांच्या डोक्यांवरून, स्टेजपर्यंत नेली. नाना मागे धावत होते. "तिला उचलू नगा रं! चालती ती! चालती ती!" कुणी ऐकलं नाही. आणि मुलाचं तरी काय चुकलं? त्याला आईची अब्रू झाकायची होती. मला त्या दिवशी त्याचा संताप आला होता. आज येत नाही. त्या कड्यातला एकही माणूस वाईट नव्हता, आणि हेच मला अजून सहन होत नाही. स्टेजवर मावशी बसून राहिल्या, मांडीवर कुणाची तरी शाल टाकलेली. अक्षता पडल्या तेव्हा त्यांनी हात वर केला नाही.

त्यानंतर त्या चालल्या नाहीत. नाना रोज गिरणीच्या वेळेला बाजेपाशी जाऊन दोन्ही हात पुढे करायचे आणि मावशी मान फिरवायच्या. दुखणं वाढलं की मन मेलं, मला सांगता येणार नाही. डॉक्टर म्हणाले, दोन्ही. काही महिन्यांनी त्यांना चाकाच्या खुर्चीत बसवलं तेव्हा त्या काही बोलल्या नाहीत, कारण तोवर आवाजच खोल गेला होता. गिरणीवाल्यानेही जागा विकली आणि पट्टा थांबला. माझं लग्न झालं, मी भुकूमला फ्लॅटमध्ये राहायला गेले. निघताना नानांच्या पाया पडले तर म्हणाले, "नवऱ्याला धरून शिकीव गं. दावत बसू नगंस."

मावशी पुढच्या थंडीत गेल्या. लातूरचा फोन आला तशी मी नवऱ्याच्या गाडीवर बसून गेले. अंगणात बायका जमल्या होत्या. भरल्या कपाळाने गेली, अहेव गेली, भाग्यवान, असं एकमेकींना सांगत होत्या. मला तिथून उठून जावंसं वाटत होतं. हिरवं लुगडं नेसवलं, मळवट भरला, तिरडी बांधली. मुलगा मडकं घेऊन पुढे उभा राहिला, डोळे सुजलेले. चौघे खांद्याला वाकले, तेव्हा नाना पुढे आले आणि पुढच्या एका पोराला बाजूला करून त्यांनी स्वतःचा खांदा लावला.

कुणीतरी म्हणालं, "नाना, तुमी ऱ्हाऊ द्या." नाना म्हणाले, "मी नेनार."

तिरडी उचलली. पहिल्याच चार पावलांत ती हेलकावली. तिघांचं पाऊल एक पडत होतं आणि नानांचं मधल्या मोकळ्या जागेत. मागचा गडी ओरडला, "नाना, पाऊल मिळवा!" नाना थांबले. तिरडी खांद्यावर तशीच घेऊन जागेवर डोलायला लागले, एका पायावर, मग दुसऱ्यावर. तिरडी आणखी हलली, मावशींचं डोकं एका बाजूला कललं आणि बायका किंचाळल्या. शेजारून दोघांनी धावत येऊन बांबू धरला.

"आवो बाजूला व्हा, पडंल ती!"

नानांनी खांदा काढला. त्यांचे दोन्ही तळवे उघडेच राहिले होते, पुढे धरलेले.

"ती खाली, माझ्या म्होरं आसती तर जमलं आसतं मला," ते म्हणाले.

दुसऱ्या माणसाने खांदा दिला, चौघांचं पाऊल मिळालं, आणि तिरडी भराभर गल्लीतून निघून गेली.